सेवेचा हिशेब

केलेल्या सेवेविषयी बोलू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासूनच अंगवळणी पडते. शेजारच्या आजाऱ्याला मध्यरात्री रुग्णालयात पोहोचवले, एखाद्या मुलाची फी भरली, कुणाच्या मयतीच्या वेळी चार दिवस त्यांच्या घरचा स्वयंपाक पाहिला, तरी त्याचा उच्चार करायचा नाही. कुणी आठवण काढलीच, तर "त्यात काय एवढं!" म्हणून विषय बदलायचा. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे प्रभूचे वचन आपल्या आजी-आजोबांनी पुस्तकातून कमी आणि आचरणातून अधिक शिकवले. आता अशा वळणात वाढलेल्या एका मुलीसमोर संगणकाच्या पडद्यावर एक तक्ता उघडतो आणि तिला विचारतो : तू आजवर कोणाकोणासाठी काय केलेस? किती तास केलेस? त्यातून काय शिकलीस? हे सारे लिही. तू डॉक्टर होण्यास योग्य आहेस की नाही, हे ठरवताना आम्ही ते वाचणार आहोत.

ही मुलगी आमची नात. थोरल्या मुलाची मुलगी, जन्म अमेरिकेतला, वाढली न्यू जर्सीत. पण घरात मराठी बोलणारी. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्या घरी होतो, आणि नेमका तोच तिच्या अर्जाचा हंगाम होता. आम्ही दोघांनी आयुष्यभर वसईच्या शाळांतून मराठी शिकवले. निबंधांच्या वह्या तपासता तपासता चष्म्याचे नंबर वाढले. त्यामुळे "आजोबा, तुम्ही आणि आजी जरा ऐका ना," असे म्हणत ती आपला इंग्रजी मजकूर वाचून दाखवू लागली तेव्हा आमच्यातला जुना मास्तर आणि जुनी बाई दोघेही सावरून बसले. त्या सहा आठवड्यांत जे पाहिले आणि जे मनात घोळत राहिले, ते आपल्या कुटुंबांपुढे मांडावेसे वाटते. कारण आज आपल्या प्रत्येक धर्मग्रामातली मुले-मुली परदेशी शिकायला जातात, आणि जी इथेच राहतात त्यांनाही नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांत स्वतःविषयी लिहावे लागते.

प्रथम त्या अर्जाची रीत सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडची रीत अगदी निराळी आहे. आपल्या देशात वैद्यकीय प्रवेश म्हणजे नीट परीक्षा. ७२० गुणांची एक प्रश्नपत्रिका, आणि तिच्यावर उभी राहिलेली एक भली लांब रांग. २०२४ साली या परीक्षेसाठी २४ लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवले होते. एवढ्या गर्दीत मुलगा मनाने कसा आहे, हे विचारायला कोणाला सवड? गुण किती, क्रमांक किती, इथेच प्रश्न संपतो.

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि मग चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करता येतो. तिथेही परीक्षा आहेच. एमकॅट नावाची ही परीक्षा ४७२ ते ५२८ या मापाने गुण देते. पण परीक्षा पुरेशी मानली जात नाही. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची एक संघटना आहे, १८७६ साली स्थापन झालेली. तिच्या सामाईक अर्जात एक विभाग केवळ कामांसाठी आणि उपक्रमांसाठी राखलेला असतो. त्यात जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० अक्षरांची जागा, आणि त्यात दोन शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाते. म्हणजे एखाद्या पोस्टकार्डावर मावेल एवढाच मजकूर. या पंधरांपैकी तीन नोंदी 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात. त्यांना आणखी १३२५ अक्षरे मिळतात. ठळक ठसा नाही, अधोरेखन नाही. साधी, उघडी अक्षरे.

नोंदींचे प्रकार ठरलेले असतात. रुग्णालयातील स्वयंसेवा वेगळी, रुग्णालयाबाहेरची समाजसेवा वेगळी. प्रयोगशाळेतले संशोधन, शिकवणी, नेतृत्व, खेळ, कला, पगारी नोकरी, इतकेच काय, छंदालाही रकाना आहे. डॉक्टरांच्या मागे सावलीसारखे उभे राहून त्यांचे काम पाहण्याला तिथे 'शॅडोइंग' म्हणतात. त्याचाही एक प्रकार आहे. प्रत्येक नोंदीत कामाचा आरंभ, शेवट, एकूण तास, आणि हे खरे आहे असे सांगू शकेल अशा व्यक्तीचे नाव व संपर्क द्यावा लागतो. अखेरीस, वर लिहिलेले सर्व सत्य आहे, अशी कबुली द्यावी लागते.

इतका खटाटोप कशासाठी? २०२३ च्या वर्गासाठी तिथे सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. उरलेल्यांतही उत्तम गुण मिळवणारे पुष्कळ असतात. गुणांवरून बुद्धी कळते. पण रक्त पाहून घाबरणारा कोण, रडणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी दहा मिनिटे शांत बसू शकणारा कोण, दुसऱ्याच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा न मानणारा कोण, हे गुणपत्रिका सांगत नाही. मुलाने डॉक्टरकीचे स्वप्न दूरदर्शनवरच्या मालिकेत पाहिले आहे की रुग्णाच्या खाटेपाशी, हे निवड समितीला जाणून घ्यायचे असते. हेतू चांगला आहे. मात्र चांगल्या हेतूचा दरवाजा उघडला की त्यातून आणखी काय काय आत शिरते, हेही आम्ही त्या घरात बसून पाहिले.

नातीने पहिला मसुदा वाचला, तेव्हा आम्हाला आमच्या नववीच्या वर्गातला निबंध आठवला. 'माझा आवडता छंद' असा विषय दिला की मुले लिहीत, 'वाचनामुळे माझे व्यक्तिमत्त्व घडले, माझ्या ज्ञानाच्या कक्षा रुंदावल्या.' कोणते पुस्तक वाचलेस, असे विचारले की वर्ग चिडीचूप. नातीच्या मसुद्यातही तसेच होते. रुग्णसेवेची तिला 'उत्कट ओढ' होती, प्रत्येक अनुभव 'आयुष्य बदलून टाकणारा' होता, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती 'सहानुभूती, संघभावना आणि नेतृत्व' शिकत होती. १५ पैकी ११ नोंदींत हे तीन शब्द होते. आम्ही बोटांवर मोजले. हे तिचे शब्द नव्हते. तिच्याआधी अर्ज केलेल्या मुलांच्या मजकुरांतून ते उचललेले होते. त्या मुलांनी आणखी कोणाकडून उचलले असतील.

आम्ही तिला एवढेच विचारले, "बाळ, तू त्या रुग्णालयात गेल्यावर आधी काय करायचीस?"

ती म्हणाली, "आधी चाकाच्या खुर्च्या पुसायचे."

"मग?"

"मग ज्यांना क्ष-किरण तपासणीला न्यायचं त्यांना घेऊन जायचे. लिफ्टला खूप वेळ लागायचा. तिथं लोक बोलायला लागायचे. डॉक्टरांना विचारायचं राहिलं ते मला विचारायचे. मला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. मग मी ते कागदावर लिहून परिचारिकेकडे द्यायचे."

आमची ही म्हणाली, "अगं, मग हेच लिही की!"

नात थोडी गोंधळली. खुर्च्या पुसणे आणि लिफ्टची वाट पाहणे यात लिहिण्यासारखे काय आहे, असा तिचा प्रश्न. पण त्या लिफ्टच्या कथेत सगळेच होते. रुग्णाला कोणता प्रश्न कधी सुचतो, तो डॉक्टरसमोर का गप्प बसतो, आपल्याला जे येत नाही त्याचे उत्तर न देता योग्य माणसापर्यंत कसे पोहोचवावे, हे सारे त्या कागदाच्या कपट्यावर होते. 'सहानुभूती' हा शब्द न लिहिताही वाचणाऱ्याला ती दिसली असती. तिने तसे लिहिले. पूर्वीची सातशे अक्षरे भरूनही रिकामी वाटत होती. नवी पाचशे चाळीसच झाली, आणि पुरली.

दुसरा प्रश्न तासांचा. आणि इथे घरात थोडा वाद झाला.

नात तिच्या गावाजवळच्या एका हॉस्पिसमार्फत स्वयंसेविका म्हणून जात असे. हॉस्पिस म्हणजे, ज्यांच्या आजारावर उपाय उरलेला नाही, अशा रुग्णांना अखेरच्या दिवसांत वेदनामुक्त आणि सोबतीने ठेवण्याची व्यवस्था. आधुनिक हॉस्पिसची मुहूर्तमेढ १९६७ साली लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी रोवली. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि पुढे डॉक्टर. अमेरिकेत ही सेवा बहुतांशी रुग्णाच्या स्वतःच्या घरीच दिली जाते. तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा एक नियम आम्हाला फार आवडला. हॉस्पिसमधील रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांनी दिलेले असले पाहिजेत, असे तो सांगतो. मरणाऱ्या माणसाभोवती सगळेच पगारी नसावेत, कोणीतरी नुसते माणूस म्हणूनही यावे, हे सरकारी कागदात लिहून ठेवलेले आहे! साहजिकच प्रत्येक स्वयंसेवकाच्या तासांची तिथे नोंद राहते.

नात दर गुरुवारी दोन तास जात असे; सप्टेंबर २०२२ पासून मे २०२४ पर्यंत. घरी आलेल्या एका परिचितांनी कागदाकडे नजर टाकून हिशेब केला, "एकवीस महिने, म्हणजे नव्वदेक आठवडे. एकशेऐंशी तास. लिही दोनशे. दोनशे दिसायला बरे दिसतात, आणि मोजायला कोण बसलंय?" आमच्या मुलालाही यात फारसे गैर वाटले नाही. "सगळेच थोडं वाढवून लिहितात, बाबा. आपली एकटीच मागे राहील," असे तो म्हणाला. बापाची काळजी त्याच्या बोलण्यात होती, हे आम्हाला कळत होते. एका जागेसाठी मुलीने चार वर्षे झोप मोडली होती.

नातीने आपली डायरी आणली. परीक्षांचे आठवडे, नाताळची सुटी, सर्दीखोकला असताना रुग्णाकडे जायची मनाई असते ते दिवस, एका रुग्णाच्या निधनानंतर दुसरा नेमून मिळेपर्यंतचे रिकामे गुरुवार, हे सगळे वजा केले. भेटी भरल्या ६१. तास १२२. तिने १२२ लिहिले. बापाने पुन्हा काही म्हणावे, तर ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, दोनशे लिहिले तर अठ्ठ्याहत्तर तास मी अशा माणसाजवळ बसले असं होईल, जो माणूस नव्हताच." मुलगा गप्प झाला, आणि थोड्या वेळाने त्यानेच तिच्यासाठी चहा करून आणला.

पण खरा पेच पुढेच होता. हॉस्पिसची नोंद तीन अर्थपूर्ण नोंदींत घ्यावी, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती काय लिहावे याची. एका वृद्ध गृहस्थांकडे ती दहा-बारा गुरुवार गेली होती. ते एकेकाळी यंत्रदुरुस्तीचे काम करीत. ती त्यांना वर्तमानपत्रातले बेसबॉलचे निकाल वाचून दाखवी. एका गुरुवारी ती निघण्याच्या तयारीत असताना फोन आला, येण्याची गरज नाही. तिला मार्गदर्शन करणाऱ्यांपैकी कोणीतरी सुचवले होते, "मृत्यूचा प्रसंग लिही. वाचणाऱ्याच्या मनावर परिणाम होतो."

रात्री जेवणानंतर ती आमच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "आजोबा, ते गेले. आता त्यांच्या जाण्याचा उपयोग मी माझ्या प्रवेशासाठी करायचा का?"

या प्रश्नाला आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. तिच्या मनात ते वचन होते, आमच्याही होते. गुप्तपणे करावयाची सेवा आपण सातशे अक्षरांत मांडून विकायला ठेवतो आहोत काय? आणि ती सेवाच, की दुसऱ्याचे मरणही?

विचार करता करता आम्हाला आपल्या धर्मग्रामातली सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आठवली. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी सुरू केलेले हे कार्य आपल्या गावागावांत आहे. त्याच्या सभांना जाणाऱ्यांना ठाऊक असेल, तिथे पिशवी फिरते ती गुप्त. कोणी दहा रुपये टाकले, कोणी पाचशे टाकले, हे शेजारच्यालाही कळत नाही. परंतु त्याच सभेत मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते. कोणत्या घरी भेट दिली, काय गरज दिसली, किती रक्कम खर्च झाली, शिल्लक किती, हे सर्व मोठ्याने वाचले जाते आणि वहीत सही होते. देणाऱ्याचे नाव झाकलेले, आणि दिलेल्याचा हिशेब उघडा. या दोहोंत कोणाला कधी विसंगती वाटली नाही. कारण हिशेब कौतुकासाठी नसतो. ज्यांनी विश्वास टाकला त्यांना उत्तर देण्यासाठी असतो.

अर्जातली नोंद या इतिवृत्तासारखी लिहिता येईल, असे आम्हाला वाटले. तिथेही कोणीतरी विश्वास टाकणार आहे. उद्या ज्या रुग्णांचे जीव तिच्या हाती जातील, त्यांच्या वतीने समिती विचारते आहे, 'तू आजवर काय पाहिलेस, काय केलेस?' याचे खरे उत्तर देणे म्हणजे बढाई नव्हे, ती साक्ष आहे. बढाई सुरू होते ती नोंदीच्या मध्यभागी सेवा घेणारा न राहता सेवा करणारा येऊन बसतो तेव्हा.

सकाळी आजीने नातीला सांगितले, "त्यांच्या मरणाविषयी लिहू नकोस, ते त्यांच्या घरच्यांचं आहे. तू तिथं बसायचीस तेव्हा काय व्हायचं, तेवढं लिही."

नात बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "मी गेले की त्यांची बायको झोपायची. दोन तास. एरवी तिला झोपायलाच मिळायचं नाही."

तिची नोंद त्या दोन तासांच्या झोपेविषयी झाली. आजाऱ्याची काळजी घेणारे माणूसही थकते, आणि डॉक्टरच्या कागदावर त्या माणसाचे नाव कुठेच नसते, हे तिने लिहिले. रेडिओ लावण्यापूर्वी विचारावे, वाचताना ऐकणाऱ्याचे डोळे मिटले तरी लगेच थांबू नये, बोलण्यासारखे काही नसेल तर बोलू नये, अशा लहान लहान गोष्टी लिहिल्या. रुग्णाचे नाव, गाव, आजार यांचा उल्लेख केला नाही. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याविषयी अमेरिकेत १९९६ चा कायदा आहे. पण तिने ते कायद्यासाठी केले नव्हते.

दुसऱ्या अर्थपूर्ण नोंदीवर तर घरातल्या सगळ्यांनी भुवया उंचावल्या. सुट्यांत आणि शनिवार-रविवारी नात एका किराणा दुकानात पैसे घेण्याच्या खिडकीवर काम करीत असे. 'डॉक्टरकीशी याचा काय संबंध?' असे मुलाचे म्हणणे. प्रयोगशाळेत दोन वर्षे काम केले, ते पुढे यावे, असे त्याला वाटे. तिने प्रयोगशाळेची नोंद केली, पण तीन अर्थपूर्ण नोंदींत दुकान घेतले. अमेरिकेत गरीब कुटुंबांना सरकारकडून अन्नखरेदीसाठी एक कार्ड मिळते. त्या कार्डावर धान्य, भाजी, दूध घेता येते. साबण घेता येत नाही, औषधे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेता येत नाहीत. हिशेब करताना यंत्र या वस्तू बाजूला काढते, आणि मागे रांग उभी असताना ती बाई साबणाची वडी हळूच परत ठेवते. हे नातीने अनेकदा पाहिले होते. डॉक्टर सांगतात, 'स्वच्छता ठेवा, गोळ्या नियमित घ्या.' त्या सूचनेचे पुढे काय होते, ते तिला दवाखान्यात कळले नसते; दुकानाच्या खिडकीत कळले.

तिसरी नोंद रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची. परक्या आणि सरकारी वाटणाऱ्या अर्जात चर्चचा उल्लेख करावा की नाही, याविषयी ती साशंक होती. पण शिकवणी ही शिकवणीच. सात वर्षांच्या अठरा मुलांना पाऊण तास एका जागी बसवायचे, आणि त्यांतल्या एका बोलू न शकणाऱ्या मुलाला वर्गात सामावून घ्यायचे, हे तिने तीन वर्षे केले होते. तिने ते साध्या शब्दांत लिहिले. श्रद्धेची जाहिरात केली नाही आणि ती लपवलीही नाही.

पंधरा रकाने होते, तिने बारा भरले. तीन मोकळे ठेवले. त्या मोकळ्या जागांत बसवता येईल असे तिच्याकडे पुष्कळ होते. घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा, भावंडांचा सांभाळ, घर चालवण्यासाठी केलेले कष्ट, यांनाही अशा अर्जात जागा मिळू शकते, आणि ज्या मुलांचे दिवस त्यातच गेले त्यांनी ते निःसंकोच लिहावे. आमची ही २०१९ साली तिथे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ आठवडे अंथरुणावर होती, तेव्हा या मुलीने तिला आंघोळ घातली होती, केस विंचरले होते. मुलाने त्याची आठवण करून दिली. नात म्हणाली, "ते नको. ते घरातलं आहे." तिने कोणता दिवा उंचावर ठेवायचा आणि कोणता आतल्या खोलीत, हे तिचे तिने ठरवले.

अर्ज गेला. पुढे प्रत्येक महाविद्यालयाचे आणखी प्रश्न आले, मग मुलाखती. बहुतेक ठिकाणांहून नकार आला. एका ठिकाणी तिला प्रतीक्षायादीत ठेवले. एका मुलाखतीत एका वयस्कर प्राध्यापकांनी तिला बाकी काही न विचारता साबणाच्या वडीविषयी वीस मिनिटे विचारले. तिथूनही नकारच आला. अखेर २०२५ च्या मार्चमध्ये एका महाविद्यालयाने जागा दिली. खरे लिहिले म्हणून जागा मिळाली, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर ज्या प्रामाणिक मुलांना नकार आला, त्यांच्यावर अन्याय होईल. खरे लिहिले, एवढेच खरे आहे. आणि पहिल्या रुग्णासमोर उभी राहील तेव्हा तिला स्वतःविषयी रचलेली एखादी कहाणी लक्षात ठेवावी लागणार नाही.

या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. ज्या मुलाच्या बापाचे डॉक्टर मित्र असतात, त्याला सावलीसारखे उभे राहायला दवाखाना सहज मिळतो. ज्याला फी भरण्यासाठी रात्री काम करावे लागते, त्याला फुकट सेवा करायला वेळ कुठून मिळणार? मजकूर लिहून देणारे, सुधारून देणारे पैसे घेऊन हजर असतातच. आणि सगळ्यांत मोठा धोका असा, की सेवा ही अर्जासाठी जमवायची वस्तू होते. सातवीतले पोर विचारू लागते, 'याचे तास मिळतील का?' मात्र आम्ही असेही पाहिले, की तासांसाठी आलेले एखादे पोर दहाव्या गुरुवारी तास विसरते. जाण्याचे कारण कोणतेही असो, नियमाने जात राहिले की समोरचा माणूस आपले काम करतो.

आपल्या महाराष्ट्रातही याचा विचार झाला नव्हता असे नाही. सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली सुरू झाले. तिथली प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती तेव्हा गांधीविचारावर वेगळी प्रश्नपत्रिका असे. आता तिथलाही प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. पण प्रवेशानंतर नव्या मुलांना आश्रमात शिबिर करावे लागते, आणि एखादे खेडे दत्तक घेऊन तिथल्या कुटुंबांत वावरावे लागते. म्हणजे अमेरिका जे दारात विचारते, ते सेवाग्राम घरात घेतल्यावर शिकवते. दोन्ही ठिकाणी जाण एकच आहे, की रुग्ण हा पुस्तकातून भेटत नाही.

म्हणून आपल्या घरांतील आईवडिलांना एक विनंती करावीशी वाटते. आपला मुलगा किंवा मुलगी वृद्धाश्रमातून, रक्तदान शिबिरातून, झोपडपट्टीतल्या अभ्यासवर्गातून संध्याकाळी घरी येईल, तेव्हा प्रमाणपत्र मिळाले का, असे विचारू नये. आज तिथे कोण भेटले, ते विचारावे, आणि जेवण वाढता वाढता नीट ऐकून घ्यावे. जे मूल घरी हे सांगायला शिकते, त्याला उद्या कोणत्याही अर्जात काय लिहावे, याची चिंता पडणार नाही. लिहिण्याची वेळ कधी आलीच नाही, तरी ते भेटलेले माणूस त्याच्याजवळ राहील.